सुलभ बालक

सारजा शिवलीला आवटीला विसरली. फार वेळ लागला नाही. नव्या घरात चप्पल काढून, पाणी पिऊन, पंख्याखाली बसेपर्यंत विसरून झालं होतं.

पण असं काही झालंच नाही. राज्य पालनकुटुंब महामंडळाच्या म्हणण्यानुसार मुलांनी घर विसरणं हा प्रकार आता बंद झाला होता, कारण घर बदलतच नव्हतं. बदलत होती ती फक्त माणसं. आणि जो प्रकार सबंध राज्यात बंद झालाय, तो गडहिंग्लजात एका मिरची कांडपवाल्याच्याच घरी व्हावा याला काही कारण नाही. तेव्हा आपणही तो झाला नाही असं धरू आणि सकाळच्या चहापासून सुरुवात करू.

शिवलीला चहा ठेवत होती आणि चहाला वरणाचा वास येत होता. तिला त्याची सवय झाली होती. पोह्यांना वरणाचा वास यायचा, साबणाला यायचा. तिच्या नवऱ्याच्या, मल्लाप्पाच्या सदऱ्यात लग्नाआधीपासूनची संकेश्वरी मिरची मुरलेली होती, तिचाही आता वरणाने ताबा घेतला होता. हा वास स्वयंपाकघराच्या छताला बसवलेल्या एका पांढऱ्या डब्यातून यायचा. डब्याचं नाव घरवास. वनवासाच्या उलट काहीतरी नाव असावं असं महामंडळाच्या बैठकीत कुणीतरी सुचवलं आणि जेवणाची वेळ झाली होती म्हणून बाकीच्यांनी मान्य केलं.

घरवास गरजेतून जन्मला होता. निराधार मुलं पुष्कळ, आणि त्यांना काही काळ आपल्या घरी सांभाळणारी पालनकुटुंबं थोडी. जी मिळत ती टिकत नसत. मूल नव्या घरात आलं की रडायचं, जेवायचं नाही, भिंतीकडे तोंड करून बसायचं. कुटुंब हैराण व्हायचं. मग हळूहळू मूल रुळायचं, आणि रुळलं की त्याची बदली व्हायची. आता कुटुंब रडायचं, जेवायचं नाही, भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि पुन्हा मूल नको म्हणायचं. कुटुंबांना आधार म्हणून महामंडळाने मार्गदर्शन शिबिरं घेतली. मग स्टीलचे डबे वाटले. डबे लोकांनी ठेवून घेतले, मुलं परत केली.

अशा वेळी एका शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं की मूल घर डोळ्यांनी ओळखत नाही, नाकाने ओळखतं. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी ओसरीवर थांबतं, त्याची चौकशी होते, मग ते आत जातं. वासाला चौकशी नाही. तो थेट माजघरात, आठवणींच्या मांडीला मांडी लावून बसतो. तेव्हा सगळ्या पालनघरांना एकच वास दिला, तर मुलाच्या लेखी ते घर सोडून कुठे गेलेलंच नाही.

मग प्रमाणगंध तयार झाला. त्यात शिजतं वरण होतं, उन्हात वाळलेली चादर होती, खोबरेल तेल होतं, विझलेली उदबत्ती होती आणि कुठल्याशा बाईच्या पदराचा घाम अगदी नखभर होता. नमुना कुणाच्या घरातून घेतला ते गुपित होतं. वासावरून एवढंच कळत होतं की ते घर रोज पुसलं जातं आणि तिथे कांदा जपून खातात.

योजना चालली, धो धो चालली. मुलं रडेनात, म्हणून कुटुंबं पळेनात. आवट्यांच्या गल्लीतच तीन पालनघरं झाली. एकदा मल्लाप्पा दमून भागून आला, डोळे मिटूनच जेवायला बसला, चांगलं पोटभर जेवला आणि हात धुताना त्याच्या लक्षात आलं की हे शेजारच्या नेर्ल्यांचं घर आहे. नेर्ल्यांच्या वहिनीनेही वाढताना फारसं वर बघितलं नव्हतं.

सारजा या घरात आली तेव्हा पाच वर्षांची होती. मुलींना पणज्यांची नावं ठेवायची फॅशन नुकतीच परत आली होती, त्या लाटेतली ही सारजा. आई-वडील अपघातात गेले होते, आणि त्यानंतर घरवासाची दोन पालनघरं करून ती इथे आली होती. एक काका होता, पण तो कागदावरच. पहिल्या दिवशी ती आत आली, नाक वर करून एक दीर्घ श्वास घेतला, शिवलीलाला "आई, भूक लागली" म्हणाली आणि जेवून झोपली. शिवलीलाला मूल नव्हतं. ती बराच वेळ त्या शब्दाजवळ बसून राहिली. तो शब्द डब्याला उद्देशून होता हे तिला पुढे पुष्कळ दिवसांनी कळलं, आणि तोवर उशीर झाला होता.

घराला लागूनच कांडपाची खोली होती. मशीन सुरू झालं की सारजा तिथे जाऊन बसायची. सुरुवातीला शिंकून शिंकून लाल व्हायची, डोळे गळायचे आणि तशातच हसायची. मल्लाप्पा तिला रिकाम्या पोत्यांवर बसवून मिरच्यांची देठं मोडायला द्यायचा. शिवलीलाला घरातल्या एवढ्याच गोष्टीची खात्री वाटायची. कांडपाच्या खोलीत डबा नव्हता.

वर्षभराने एके सकाळी, चहाला वरणाचा वास येत असताना, महामंडळाचे स्थिरता अधिकारी अद्वैत रणनवरे आले. सभ्य, तरुण, इस्त्रीचे. उंबऱ्यातच त्यांना सटासट शिंका आल्या.

"नाकाला फडकं लावा, साहेब," मल्लाप्पा म्हणाला. "आज लवंगी चालू हाय."

"गंमत आहे बघा," रणनवरे डोळे पुसत म्हणाले. "आमच्या डब्याला तुमच्या मिरचीचा पत्ताच लागत नाही. त्याच्या हिशेबी हे घर एकदम प्रमाणात आहे."

"एवढा खकाणा उडतोय, आन् पत्ता न्हाई?"

"तिखट हा वास नाही, अण्णा. ती इजा आहे. तिचा मज्जातंतू वेगळा, वाट वेगळी. यंत्र वास मोजतं. इजा मोजत नाही." मग त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. "अभिनंदन. सारजा सुलभ झाली."

"म्हंजे काय झालं तिला?" शिवलीला हातातलं टाकून पुढे आली.

"आजार नाही हो, ताई. सुलभ बालक. श्रेणी आहे ती. कुठेही न्या, विनातक्रार रुळणार. अशी मुलं फार थोडी. नवीन कुटुंब तयार करायचं तर पहिलं मूल सोपं लागतं. म्हणजे त्यांना गोडी लागते, ती टिकतात. भजी घेण्याआधी गाडीवाला एक चाखायला देतो की नाही?"

"पोरगी भजं हाय व्हय?" मल्लाप्पाने विचारलं.

"उदाहरण दिलं, अण्णा."

"आन् त्यांना गोडी लागली की?"

"त्यांना दुसरं मूल देऊ. जरा अवघड. सारजा पुढच्या कुटुंबाकडे."

"असं कुठवर?"

"अठरा वर्षांची होईपर्यंत," रणनवरे म्हणाले आणि पेढा पुढे केला. तो कुणी घेतला नाही, तेव्हा अवघडून त्यांनी स्वतःच खाल्ला.

शिवलीलाने विचारलं, "न हलवता ठेवायचं काईच कलम न्हाई?"

"आहे ना. निघताना मूल रडलं तर ते अस्थिर ठरतं. अस्थिर मूल नव्या कुटुंबाला दिलं तर कुटुंबच जातं हातचं. म्हणून रडणारी मुलं आम्ही हलवत नाही. आहेत तिथे कायम." रणनवऱ्यांनी धीर देण्यासाठी आवाज मऊ केला. "पण सारजाच्या बाबतीत तुम्ही ती काळजीच करू नका. सोमवारी गाडी येईल. लातूरचं कुटुंब आहे. छान आहेत."

साहेब गेल्यावर मल्लाप्पाने मशीन बंद केलं.

"म्हंजे पोरगी रडाय पायजे," मल्लाप्पा म्हणाला.

"रडाय पायजे."

"एकदाच."

"एकदाच, पण त्यांच्या म्होरं."

त्या दिवसापासून आवट्यांच्या घरात एका मुलीला रडवण्याचे प्रयत्न सुरू झाले. दोघंही या कामाला नवखी होती. मल्लाप्पाने तिला मांडीवर घेऊन आपल्या लहानपणी मेलेल्या म्हशीची गोष्ट सांगितली. म्हैस मेल्यावर रेडकू तीन दिवस गोठ्यात तिची वाट बघत उभं होतं, इथवर आला आणि स्वतःच डोळे पुसत उठून मोरीत गेला. सारजा त्याच्या मागे गेली. "मग दूध कुठून आणलं, बाबा?" तिने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

शिवलीलाने सरळ मार्ग धरला. वेणी घालता घालता म्हणाली, "सोमवारी तुला दुसऱ्या घरी जायचंय."

"तिथे पण हाच वास असेल?"

"असंल."

"मग ठीक आहे."

शिवलीलाचा हात थांबला. "पर मी नसंन की गं तिथं."

सारजाने विचार केला. ती विचारी मुलगी होती. "कोणीतरी असेलच ना," ती म्हणाली, आणि शिवलीलाला बरं वाटावं म्हणून तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

दुपारी सारजा झोपली असताना शिवलीला स्टुलावर चढली आणि तिने डब्याची वायर उपटली. डब्यातून गोड आवाज आला, "कृपया लक्ष द्या. घर बंद पडत आहे." तिने खिडक्या उघडल्या. वरण गेलं, चादर गेली, उदबत्ती गेली. बाहेरून डिझेल आलं, नेर्ल्यांच्या शेळीचा वास आला, कांडपाच्या खोलीतून भाजलेल्या धण्याचा वास आला. कितीतरी दिवसांनी शिवलीलाला तिच्या स्वतःच्या घराचा वास आला आणि तिला एवढा आनंद झाला की मागे बघायचं राहिलं.

सारजा उठली होती. रडत नव्हती. तिने कपाटातून आपली पिशवी काढली होती, चप्पल घातली होती, आणि ती दाराशी पाहुण्यासारखी उभी होती. शिवलीलाकडे बघून तिने अदबीने विचारलं, "पोचलो का आपण?"

शिवलीलाने वायर परत लावली. वरण आलं. सारजाने चप्पल काढली, "आई, पाणी दे" म्हणाली, आणि पिशवी जागेवर ठेवून आली.

मिरचीची कल्पना मल्लाप्पाची. म्हणजे तशी ती सगळ्यांचीच होती, कारण लांब जाणाऱ्या लेकराची दृष्ट काढल्याशिवाय त्या गल्लीत कुणी गाडी हलू देत नाही. मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन लेकरावरून उतरायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. ठसका लागला तर दृष्ट नव्हती. नाही लागला तर होती आणि निघाली. शास्त्राला याच्यात चूक काढायला जागाच नाही.

"साहेब काय म्हणाले? डबा इजा मोजत न्हाई," मल्लाप्पा बोटावर मुद्दे मोजत होता. "म्हंजे डबा मधी येणार न्हाई. आमची निवडक लवंगी घालतो. पोरगी गाडीत बसायच्या आधी घळाघळा रडंल. साहेबानं डोळ्यांनी बघितलं की झालं. त्याला लिवावंच लागंल."

"ते रडणं नव्हं, अवो. ते डोळ्याचं पाणी."

"त्यांच्या कागदावर दोन्ही एकच की, लीले."

लेकराला ठेवून घ्यायचं म्हणून त्याच्या डोळ्यात मिरची. शिवलीलाच्या आईने हे ऐकलं असतं तर तिने कुणाची दृष्ट काढली असती कुणास ठाऊक. पण दुसरं काही सुचत नव्हतं, आणि मिरची निवडायला ती स्वतः बसली. एकेक मिरची उजेडात धरून, वाकडी, लहान, खुनशी तेवढी बाजूला काढली.

सोमवारी महामंडळाची पांढरी गाडी आली. रणनवरे उतरले, ड्रायव्हर उतरला, नेर्ल्यांची वहिनी बघायला आली. सारजा अंगणात नव्या फ्रॉकमध्ये पिशवी धरून उभी होती. शिवलीलाने मूठ भरली, तिच्यावरून उतरली, "आल्या-गेल्याची, वाटंवरच्याची, हापिसातल्याची" असं म्हणत निखाऱ्यावर मोकळी केली.

धूर उठला. पहिला कोसळला तो ड्रायव्हर. त्याने गाडीचं बॉनेट धरलं आणि आईच्या नावाने खोकायला लागला. नेर्ल्यांची वहिनी पदर तोंडाला लावून शिव्या देत पळाली. रणनवरे वाकले, उठले, पुन्हा वाकले, त्यांच्या गालांवरून धारा लागल्या, चष्मा खाली पडला. शेळीसुद्धा खोकली. घरातला डबा मात्र आपल्या हिशेबाने शांत होता आणि खिडकीतून मंद वरण सोडत होता.

धुराच्या ऐन मध्यावर सारजा उभी होती. तिचे डोळे कोरडे होते. एकदा नाक चोळलं तिने, एवढंच. मग ती शिवलीलाकडे वळून म्हणाली, "आई, साहेबांना पाणी दे की."

आणि तेव्हा शिवलीलाला कळलं. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, कारण ती आणि मल्लाप्पाही त्याच धुरात उभी होती आणि त्यांनाही काही होत नव्हतं. कांडपावर वर्ष काढलं की तो तिखटाचा मज्जातंतू रोज रोज बोंबलून थकतो आणि शेवटी गप्प बसतो. गल्लीत म्हणायची पद्धत होती की कांडपवाल्याचं नाक मेलेलं असतं. सारजाचं मेलं होतं. पोत्यांवर बसून, देठं मोडत, शिंकत, हसत, ती वर्षभरात आवट्यांची झाली होती. या घराने तिला दिलेली, डब्यातून न आलेली, ही एकच गोष्ट. तीच आज आडवी आली.

अंगणात तीन माणसं कोरड्या डोळ्यांनी उभी होती. बाकी सगळे रडत होते.

रणनवऱ्यांना पाणी दिलं. त्यांनी डोळे टिपले, चष्मा शोधून लावला आणि भारावून बघितलं. "कमाल आहे," ते म्हणाले. "मुलगी शांत. आणि तुम्ही दोघं किती खंबीर! निघताना एक थेंब नाही. असं कुटुंब मी तरी पाहिलं नाही." त्यांनी तसंच लिहून घेतलं.

मल्लाप्पा पुटपुटला, "ठसका न्हाई लागला. म्हंजे दृष्ट होती."

"कुणाची?" शिवलीलाने विचारलं.

"आपली," तो म्हणाला.

गाडी गेली. सारजाने खिडकीतून हात हलवला. ती हात हलवायला कधी विसरत नसे.

लातूरच्या बाईंचा फोन काही दिवसांनी आला. ऋतुजा बिडवे त्यांचं नाव. आवाज चांगला होता, आणि बाईही चांगली आहे हे कळल्यावर शिवलीलाला तिच्यावर रागावताही येईना.

"तुम्हाला त्रास देते, काकू. सारजा एकदम मजेत आहे हं. आल्या आल्या आई म्हणाली मला. मी तर रडलेच. पण एक विचारायचं होतं. काल फोडणी जळली, आम्ही सगळे खोकून बेजार, आणि ही शांत बसलेली. काहीच होत नाही तिला. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, तिखट जाणवणारी नस बधिर झालीय. आधीच्या घरी असं काही होतं का?"

"व्हतं," शिवलीला म्हणाली. "आमचं कांडप हाय."

"हां, मग बरोबर. ते म्हणाले काळजीचं कारण नाही. आता रोजचं तिखट नाही ना, महिन्याभरात आपोआप जाईल. काहीसुद्धा मागे राहणार नाही. पूर्ण बरी होईल."

मागून सारजाचा आवाज आला. "आई, कोण आहे?"

"गडहिंग्लजच्या काकू आहेत, बाळा."

"कुठल्या?"

"बरी हुईल म्हणायची," शिवलीला म्हणाली. "बरं झालं." आणि फोन ठेवून ती कांडपाच्या खोलीत गेली. मल्लाप्पाने मशीन बंद करून विचारलं कोण होतं, तर राँग नंबर म्हणाली.

त्याच आठवड्यात रणनवरे पुन्हा आले. या खेपेला नाकाला फडकं बांधूनच. सोबत राज्यातल्या टिकाऊ कुटुंबाचं सन्मानचिन्ह होतं आणि सन्मानचिन्हाच्या मागे एक लहान मूल. शिवलीला नको म्हणणार होती. तिने तोंडही उघडलं. पण मुलाने तोवर नाक वर करून श्वास घेतला होता आणि ते चप्पल काढत होतं.

"टिकून राहण्यासाठी कुटुंबांना काय आधार हवा, हे आम्ही आता लेखी मागवतो," जाताना रणनवरे म्हणाले. "संकोच करू नका, ताई. काहीही मागा."

शिवलीला लिहायला बसली. मुलाला आधी जेवायला वाढलं, मग बसली.

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
राज्य पालनकुटुंब महामंडळ.

विषय : बालिकेस रडण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, कु. सारजा ही बालिका आमचेकडे वास्तव्यास होती. जातेवेळी ती रडली नाही. त्याबाबत आमची तक्रार नाही. तथापि, यापुढे ज्या ज्या कुटुंबांत तिची बदली होईल, त्यांपैकी कोणत्याही एका घरातून निघतेवेळी घरवास बंद ठेवावा, गाडी थोडा वेळ थांबवावी व सदर बालिकेस पोटभर रडू द्यावे. तिला मध्येच उगी करू नये. त्या रडण्याची नोंद तिच्या नावे कायम ठेवावी, म्हणजे मोठेपणी विचारल्यास तिला दाखविता येईल. सदर घर आमचेच असावे असा आमचा आग्रह नाही.

तरी वरीलप्रमाणे मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.